वजन करताना बोलायचं नाही

पितळेवर बोटाचा ठसा होता—अंगठ्याचा असावा, वर्षभर डबीत राहून काळपट पडलेला, न घासलेल्या समईवर राहतो तसा—आणि गुरुनाथने काडतूस उन्हात धरून दोनदा फिरवलं, ठसा तिचाच आहे याची खात्री करायला. माझा कसा असेल? माझी बोटं ही अशी जाड, आणि पितळ हातात घेण्याआधी मी ती पँटला पुसतो, त्यावरून तिची बोलणी खातो... खायचो. तिचाच. डबीच्या झाकणावर तिच्याच अक्षरात ‘मार्च २०१६’ लिहिलेलं होतं आणि खाली एक बारीक रेघ, हॉस्पिटलच्या फार्मसीत ती औषधाच्या लेबलाखाली मारायची तशी. त्याच वर्षी, इथल्या जून-जुलैच्या हिवाळ्यात, त्याची बायको सुनीती गेली.

“वारा पडलाय, गुरू. मार आता,” शेजारच्या बाकावरून हेमी म्हणाला.

वारा पडलाय म्हणे. पोरिरुआच्या मागच्या या टेकड्यांवर वारा पडत नसतो, दम खायला थांबतो फक्त. पण हेमी इथलाच, बापजाद्यांपासून याच वाऱ्यात वाढलेला, आणि वीस वर्षांपूर्वी पुण्याच्या या इंजिनिअरच्या हातात पहिली रायफल त्यानेच दिली होती. पुढच्या आठवड्यात दोघं डोंगरात जायचे होते. रोअर सुरू होत होता, नर हरणं हंबरायला लागायचे दिवस. आणि गुरुनाथने ठरवून टाकलं होतं, कुणाला न विचारता, की यंदा खिशात जातील त्या घरी गॅरेजात भरलेल्या, सुनीतीच्या हातच्या गोळ्या. एक नर, एक गोळी, आणि मग रायफल हेमीला देऊन टाकायची, संपलं. आज नुसता रायफलीवरच्या दुर्बिणीचा नेम लावून घ्यायला आला होता तो. तेवढ्यासाठी तिच्या गोळ्या खर्च करायच्या जिवावर आलं म्हणून दुकानातून कारखान्याच्या काडतुसांचा एक खोका आणला होता—आयुष्यात, म्हणजे तिच्याबरोबरच्या आयुष्यात, पहिल्यांदाच.

कारखान्याच्या मालाबद्दल त्याची मतं ठरलेली होती आणि ती तो न विचारता ऐकवायचा. कारखाना सगळ्यांच्या रायफलींसाठी बनवतो, म्हणजे कुणाच्याच नाही. रेडिमेड शर्ट तो, खांद्यात बसला तर पोटात सुटतो. आपली रायफल, आपलं पितळ, आपल्या हाताने तोललेली पावडर, मग बघा तीनशे मीटरवर काय होतं ते. हेमी हसून म्हणायचा, हल्ली सुधारलाय रे त्यांचा माल, पाच-सहा वर्षांत हीप्स, भरपूर सुधारलाय. “असेल,” गुरुनाथ म्हणायचा, म्हणजे नाही.

खरं तर पावडर तो चमच्याने ओतायचा. सुरुवातीला. खोऱ्याने माती ओढावी तसा, आणि काटा रेघेच्या आसपास कुठेतरी आला की खूश. सुनीती गॅरेजमध्ये कपडे वाळत घालायला आली होती, बाहेर वारा म्हणून, आणि बादली हातात तशीच धरून बघत उभी राहिली. “हे असं मोजतोस? अरे, ग्रेन आहे ना हे माप? आमच्या जुन्या पुस्तकांत औषधं तोलायचे यात. ऊठ, सरक तिकडे.” आणि बसली. बारीक चिमट्याने एकेक कण पारड्यात टाकत बसली, ही बाई, जिने जन्मात अंडं खाल्लं नाही, हरणाचं मांस घरात आलं की जी नाकाला पदर लावून थेट हेमीच्या घरी पोचवायला लावायची. “तुला मारायचंच असेल तर मार बाबा,” ती म्हणाली होती, “पण एका गोळीत. दुसरी झाडावी लागली तर त्या रात्री घरी यायचं नाही, सांगून ठेवते.”

आणि नियमही तिचाच. वजन करताना बोलायचं नाही. एक तर श्वासाने तराजूची दांडी हलते. दुसरं, फार्मसीत मोजणाऱ्याशी जो बोलतो तो मूर्ख. रेडिओ बंद, फोन स्वयंपाकघरात. मग ती समोर, तो इकडे, ती तोलून द्यायची, तो वर गोळी बसवायचा, आणि शेवटचं काडतूस डबीत जाईपर्यंत तास-दीड तास अवाक्षर नाही. लोकांना वाटायचं भांडलेत. तो मात्र आठवडाभर ऑफिसात त्या शांततेची वाट बघायचा. तिच्या चष्म्यात दिव्याची दोन टिंबं दिसायची.

त्याने आधी कारखान्याची झाडली. पाच. सावकाश, प्रत्येकीनंतर नळी निवू देत, मनातून जराशा तुच्छतेनेच. नळीपुढे गोळीचा वेग मोजणारं यंत्र ठेवलं होतं, त्याच्या पडद्यावर आकडे उमटत गेले आणि ते जवळजवळ सारखेच होते. त्याने दुर्बिणीतून कागद पाहिला. मग डोळा चोळून पुन्हा पाहिला. पाचही भोकं जॅमच्या बाटलीच्या झाकणाखाली मावली असती.

“स्वीट ॲज,” हेमी म्हणाला, म्हणजे झकास.

इतकं चांगलं? दुकानातलं? मग आम्ही काय करत होतो इतकी वर्षं, त्या थंड गॅरेजात, गुडघ्यांवर शाल घेऊन... नाही, थांब. आता तिच्या बघू. चारच. जास्त नाही खर्चायच्या, पण चार तर हव्यातच, उत्तर द्यायला हवं या खोकेवाल्यांना. हे त्याने ठरवलं तेव्हा त्याला खरोखर वाटत होतं की तो तिच्या बाजूने उभा राहतोय.

ठसा असलेलं काडतूस त्याने बाजूला ठेवलं. पहिली गोळी झाडली, मधोमध. बघ! दुसरी तिला चिकटून. तिसरी वर गेली. चांगली वीतभर वर. वारा, तो मनात म्हणाला. चौथी खाली.

वारा नाही. वारा गोळीला आडवं नेतो, हे त्याला हेमीने शिकवलं होतं आणि त्याने स्वतः दहा जणांना शिकवलं होतं. वर-खाली नेते ती पावडर. मग माझा हात हलला असेल, डोळे भरले असतील, म्हातारा झालोय मी, श्वास चुकला... त्याने ओशाळवाण्या आशेने यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. यंत्राला डोळे भरलेले कळत नाहीत. पहिले दोन आकडे शेजारी-शेजारी, तिसरा कुठल्या कुठे चढलेला, चौथा पडलेला. पावडर कमी-जास्त होती. रायफलीला धोका व्हावा इतकी नाही; लांबच्या हरणाचा खांदा चुकून पोट फाटावं इतकी. सुनीतीच्या हातून. जिने आयुष्यात कुणाला चुकीची गोळी दिली नाही तिच्या हातून.

हेमी खूप वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसला, पाहण्यासारखं काही उरलेलं नसताना. मग उठून आला आणि त्याने गुरुनाथच्या पाठीवर हात ठेवला. “ती आजारी होती, मेट,” तो म्हणाला. “उरलेल्या मी उघडतो हवं तर. तू नको करूस.”

“नको. माझं मी बघतो.”

“हे डोंगरात नाही न्यायचं, गुरू.”

“कळतं मला!” तो ओरडलाच. दोन बाक सोडून बसलेल्या पोराने वळून पाहिलं.

घरी येताना मोटरवेवर तो डाव्या लेनमध्ये रांगत राहिला. कुड्या. मध्येच आठवलं ते कुड्यांचं. मोत्याच्या कुड्या तिने त्या फेब्रुवारीत काढून ठेवल्या होत्या—“कानाला जड होतात रे हल्ली”—आणि मी म्हणालो होतो, बरी दिसतेस तशीही. जड कसल्या? आईने लग्नात दिलेल्या, कधी उतरवल्या नव्हत्या तिने. कुडीची फिरकी केवढी असते... तांदळाच्या दाण्याएवढी. ती बोटांत धरता यायला हवी ना. केमोच्या औषधांनी बोटं बधिर होतात, डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं, आणि मी विचारलंही होतं तिला, अगदी जबाबदारीने, तुझी बोटं ठीक आहेत ना? “एकदम,” ती म्हणाली होती. साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागली तेव्हा म्हणाली, धुवायला सोपे. चहा कपाऐवजी स्टीलच्या पेल्यात घ्यायला लागली तेव्हा म्हणाली, गरम राहतो. आणि दर शुक्रवारी संध्याकाळी शाल घेऊन गॅरेजात येऊन बसायची, चिमटा उचलायची, आणि ते कण... ते कण तिला जाणवत तरी होते का? मी समोर बसलो होतो. हातभर अंतरावर. ती गप्प होती आणि मला वाटत होतं की नियम पाळतेय.

लबाड. लबाड बाई! स्वतःच्याच नियमामागे लपून बसलीस. त्याला तिचा इतका राग आला की मोटरवेवरून उतरल्यावरचा सिग्नल हिरवा झाल्याचं कळलं नाही, मागच्याने हॉर्न दिला.

घराच्या दारातच फोन वाजला. इरा, माउंट वेलिंग्टनच्या तिच्या ऑफिसातून. शनिवारीही हिला काम. बापाने मराठीत विचारायचं, लेकीने इंग्रजीत सांगायचं, असं त्यांचं वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं.

“हाउ वॉज द रेंज, बाबा?”

“ठीक. या वेळी विकतच्याच नेणार आहे.”

“फायनली! आई सेड द सेम थिंग.”

“काय म्हणाली आई?”

“की विकतच्या आता तितक्याच चांगल्या असतात म्हणून,” हे मात्र ती चक्क मराठीत बोलली, अडखळत, आईचे शब्द जपून आणल्यासारखी. “हेमी अंकलने सांगितलं होतं तिला, एजेस अगो. पण बाबाला सांगू नको म्हणाली. मग तो गॅरेजमध्ये कशाला बसेल माझ्याबरोबर, म्हणाली.” मग घाईने, “बाबा? यू ओके?”

“आहे. जेवलीस का तू?”

“बाबा, इट्स फोर ओ’क्लॉक.”

“हां. बरं. जेव मग वेळेवर.”

गॅरेजचं दार त्याने वर उचललं. मार्चचं ऊन अजून चांगलं टेबलापर्यंत येत होतं. तराजू कापडाखाली झाकलेला, कापड तिच्या जुन्या नऊवारीचं. म्हणजे तिला ठाऊक होतं. गोळ्यांची गरज नाही हे ठाऊक होतं, आपला हात गेलाय हेही ठाऊक असणार, काटा रेघेवर नाही हे तिला दिसलं नसेल असं होणारच नाही... की नव्हतं दिसत? डोळेही गेले होते का गं? की दिसत होतं आणि तरी तू ते पारडं माझ्याकडे सरकवलंस, तू, कारण पुन्हा तोलायला घेतलं असतंस तर मी मान वर करून पाहिलं असतं?

हे कळायला एक उपाय होता आणि तो समोरच खुंटीला टांगलेला होता. काडतूस उघडायची प्लास्टिकची हातोडी. काडतूस हातोडीच्या डोक्यात अडकवायचं, फरशीवर आपटायचं, झटक्याने गोळी सुटते आणि पावडर बाहेर येते, जशी भरली होती तशी, कणन् कण. ती तोलली की कळतं. एकेक उघडत गेलं तर ती संध्याकाळ अख्खी कळेल, कुठल्या काडतुसापर्यंत तिचा हात ठीक होता, कुठून गेला.

ठसा असलेलं काडतूस त्याने खिशातून काढलं. ठशावर आपला अंगठा पडणार नाही असं धरून हातोडीत अडकवलं. एकदा आपटलं, दोनदा. तिसऱ्यांदा आतून पावडर सुटल्याचा बारीक आवाज आला, बशीत साबुदाणा सांडल्यासारखा.

कापड काढून त्याने तराजू सरळ केला. सवयीने फोन स्वयंपाकघरात ठेवून आला. खुर्चीवर बसला, आपल्या नाही, तिच्या. पावडर पारड्यात ओतली, एकही कण बाहेर न सांडता. दांडी उचलली गेली, झुकली, पुन्हा उचलली गेली, आणि काटा हळूहळू लहान लहान झोके घेत रेघेकडे यायला लागला. त्याने नेहमीसारखा श्वास धरला. अजून जरा वेळ, की कळणारच होतं.

“सुनीती,” तो पारड्यावर वाकून मोठ्याने म्हणाला.

काटा थरथरला.

“कधीपासून बधिर होती गं बोटं?”

दांडी पुन्हा झुलायला लागली. त्याने ती शांत होऊ दिली, अगदी रेघेजवळ येऊ दिली.

“कुड्या मी घालून दिल्या असत्या की. मला येते फिरकी बसवता. इराच्या नाही का मी बसवायचो, ती लहान असताना, शाळेत जाताना...”

ऊन टेबलावरून उतरत होतं. काटा वर जात होता, खाली येत होता, आणि आता थांबणार असं दिसलं की तो पुढचं काहीतरी सांगायला लागायचा.