पुढच्या सालची चाकं

सेलूच्या मोंढ्यात, धान्य-कापसाच्या बाजारात, महांतेशअप्पांचं सरकी-ढेपेचं दुकान. दुकानामागच्या शेडमध्ये, पोत्यांच्या थप्पीपलीकडं, एक पिवळी स्पोर्ट्स कार उभी असायची. फायबरची बॉडी, वर कापडी छत आणि सीटा मोजून दोन. पंचवीसेक वर्षांपूर्वी अप्पांनी ती आणली तेव्हा सगळा मोंढा पोट धरून हसला होता. जिथं जीप गच्च भरल्यावरही मागं दोघं लोंबकळत जातात, तिथं दोन सीटांची गाडी म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण ती त्रिवेणीनं पसंत केली होती, आणि बायकोचा शब्द मोडायचा नाही, एवढं एकच व्यसन अप्पांना होतं.

अप्पांच्या सासूबाई मल्लम्मा पलीकडच्याच गल्लीत राहायच्या. त्यांना गाडी डोळ्यांसमोर नको होती. "दोघापुरती गाडी घेतली. आमाला काय टपावर बसवता का?" असं म्हणून त्या ऐन गाडीच्या पूजेच्या वेळी पाठ फिरवून घरी गेल्या होत्या. पुढं त्रिवेणीनं कितीदा बोलावलं, पण बाई त्या सीटवर कधी टेकल्या नाहीत. रविवारी सकाळी लेक-जावई भुर्रकन निघाले की त्या दारात उभ्या राहून नाक मुरडायच्या, आणि गाडी वळणाआड होईपर्यंत बघतही राहायच्या.

त्रिवेणी गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लिंगायतांत माणसाला निजवून नाही, बसवून माती देतात. अप्पांनी बायकोला शेवटचं पाहिलं ते बसलेलीच, कपाळभर विभूती लावलेली. त्यानंतर डावीकडच्या सीटवर त्यांनी कुणाला बसू दिलं नाही. दर सोमवारी त्या सीटला विभूतीची तीन बोटं ओढायची आणि एकट्यानंच गावाबाहेर चक्कर मारून यायची, हा त्यांचा नेम. कुणी कधी कारण विचारलं नाही. सेलूत असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

पुढं रिमांना तडे गेले, त्या मापाचे टायर मिळेनासे झाले आणि गाडी विटांवर चढली. सोमवारचा नेमही सुटला.

यंदा दिवाळी झाली की मल्लम्मांचा मुलगा राजेश्वर त्यांना कायमचं नांदेडला आपल्याकडं नेणार, असं ठरलं. तेव्हा एका सकाळी म्हातारी काठी टेकत दुकानात आली आणि ढेपेच्या पोत्यावर ऐसपैस बसली.

"जावईबापू, जायच्या आधी चारठाण्याच्या महादेवाचं दर्शन करावं म्हनते."

"चला की, मामी. मोठी गाडी हायच."

"मोठीत न्हाई. त्रिवेणीच्या गाडीत. तिच्या जाग्यावर बसून."

अप्पांच्या ओठांवर नाही आलं होतं. पण या बाईनं उभ्या जन्मात त्यांच्याकडं काही मागितलं नव्हतं, आणि आता मागत होती ते तिच्याच लेकीचं होतं.

"गाडी विटांवर हाय, मामी."

"मग उतरवा खाली."

गंगाखेडचा नागेश मिस्त्री उसाच्या ट्रॅक्टरांत बुडालेला माणूस, पण या गाडीवर त्याचा लय जीव. त्यानं कुठूनतरी ओळखी काढून याच गाडीच्या तीन वर्षं पुढच्या मॉडेलची चाकं मिळवली. नटांची भोकं तंतोतंत जुळली. चाक जरा थोराड होतं, पण बसलं. अप्पांनी फिरवून बघायला गाडी बाहेर काढली. नागेश मात्र आत बसेना. "वैनीच्या सीटवर मी कसा बसू?" म्हणाला आणि मोटारसायकलवरून मागं-मागं येत चाकं निरखत राहिला. कुठं घासलं नाही, कुठं खरखरलं नाही. दोघंही खूश.

सोमवारी मल्लम्मा ठेवणीतलं इरकल नेसून आल्या. अप्पांनी सकाळीच सीटवर ओढलेल्या विभूतीला त्यांनी बोट लावलं, ते आपल्या कपाळाला टेकवलं आणि हळूच बसल्या. अप्पांनी नजर समोर रस्त्यावर रोखून गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी पहिला खड्डा आला आणि मागचं डावं चाक असं किंचाळलं की चहावाल्यानं हातातली कपबशी खाली ठेवली. रबर जळाल्याचा वास आला.

मल्लम्मांचा चेहरा पार उतरला. "मी बसले अन् वरडायली," त्या म्हणाल्या. "तवा मी हिला नको म्हनले. आता हिला मी नको." आणि त्या दाराचा खटका शोधू लागल्या.

"बसा, मामी. उतरू नका."

निरोप द्यायला आलेला नागेश धावत आला, गाडीखाली वाकला आणि कपाळावर हात मारून उठला. "हे डावं चाक बोटभर भाईर हाय, अप्पा. सीट रिकामी हुती तवर मोकळं फिरलं. मानूस बसलं की गाडी दबती, अन् टायर मडगार्डाला लागायलंय. चुकलं माजं, मीच बसून बघायला पायजे हुतं."

"मग आता?"

"मडगार्डाची कड कापावी लागंल. फायबर हाय, एकदा कापलं की पुन्हा जुळायचं न्हाई. न्हाईतर राहू द्या. एकट्यानं फिरवायची तर ही चाकं जन्मभर जातील."

अप्पा उतरून मागच्या चाकापाशी उभे राहिले. त्रिवेणी पदरानं पुसायची ती हीच कड. इतक्या वर्षांत त्यांनी गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता. गाडी तिच्यासारखीच राहावी, एवढंच त्यांना हवं होतं. पण आत तिची आई बसली होती, चोरी पकडल्यासारखी मान खाली घालून. अप्पांना स्वतःचाच राग आला.

"करवत आन," ते म्हणाले.

मल्लम्मांना त्यांनी उठू दिलं नाही. मापच त्यांच्या वजनाचं घ्यायचं होतं. नागेशनं खडूनं रेघ मारली आणि कापलं अप्पांनी, आपल्या हातानं. पांढऱ्या सदऱ्यावर पिवळा भुगा सांडत गेला. रस्त्यातली माणसं थांबून बघू लागली.

मग गाडी निघाली. खड्डा आला, गेला. गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. मल्लम्मांनी एका हातानं पदर आणि दुसऱ्यानं दार घट्ट धरलं होतं. तसंच धरून त्यांनी विचारलं, "हितं बसून ती काय बघायची हो?"

"मला बघायची," अप्पा म्हणाले. "म्हनायची, रस्ता तुमी बघा."

मल्लम्मा वळल्या आणि जावयाकडं बघू लागल्या. त्यांनी नजर काढलीच नाही. अप्पांना समोरचं दिसेना. त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"का थांबलाव?"

"जाऊ, मामी. जरा डोळे पुसू द्या."

म्हातारीनं आपल्या पदराचं टोक पुढं केलं.