बरणीतल्या भेकाची तक्रार

मी एक जुना, स्पिरिटमध्ये मुरलेला भेक आहे, बेडकाचा खडबडीत कातडीचा भाऊबंद. बेडूक म्हणू नका मित्रांनो, आधीच माझं डोकं फिरलेलं आहे. गिरगावातल्या एका कॉलेजच्या कपाटात माझी बरणी आहे आणि तिच्यावरची चिठ्ठी साफ खोटी आहे. तिच्यावर लिहिलंय, 'साधा भेक'.

कूळ भेकांचंच, ते मी कुठे नाकारतोय? पण त्या कुळात आमची प्रजाती निराळी, इनमिन दोन जातींची. साध्या भेकाची मादी अंड्यांची लांब माळ सोडते. आमच्याकडे सुटी अंडी पुंजक्याने घालतात. शिवाय माझ्या कुशीवर पिवळेजर्द डाग होते.

करी रोडच्या चाळीतला जयवंत या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होता. गणपतीला कोकणात गावी आला असताना सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, त्याने ते डाग पाहिले आणि हरखलाच. सरांना जिवंतच दाखवायचा, म्हणून बिस्किटांच्या डब्यातून त्याने मला मुंबईला आणलं. इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ! कॉलेज बंद, सगळं गिरणगाव रस्त्यावर. त्याची आई चंपाबाई म्हणाली, "ह्यां भूत माझ्या घरात नको हां, जयवंता." डब्यात मी मरायला टेकलो. कुजून हातचा जाईन या भीतीने त्याने मला स्पिरिटमध्ये घातलं, आणि सगळा घोळ तिथेच झाला. स्पिरिटमध्ये अंग टिकतं, पिवळा रंग टिकत नाही.

कॉलेज उघडलं तोवर मी राखाडी झालो होतो. शरच्चंद्र सरांनी बरणी उजेडात धरली, फिरवली आणि साध्या भेकांच्या रांगेत ठेवून दिली.

"सर, जिवंत होता तेव्हा पिवळा होता. मी डोळ्यांनी पाहिलाय."

"मग आता दाखव. लगेच चिठ्ठी बदलतो."

जयवंतचं तोंड एवढंसं झालं. मी आतून किती ओरडलो म्हणून सांगू! दरवर्षी नवी मुलं येतात, माझ्याकडे बोट दाखवून 'साधा' म्हणतात आणि पुढे जातात. माझा नुसता संताप होतो.

मग महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. त्या जूनमध्ये सरांनी पेढे वाटले. ज्याचं त्याला मिळालं, म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. जयवंत तेव्हा परळच्या शाळेत मास्तर होता. मुद्दाम भेटायला आला होता. त्याने हातातला पेढा बघितला, मग मला बघितलं.

"सर, ह्याचं ह्याला कधी?"

सर हसले. जयवंतने पेढा माझ्या झाकणावर ठेवला आणि निघून गेला.

मित्रांनो, कुणालाही रांगेत बसवण्याआधी तो जिवंत असताना एकदा नीट बघा. त्या पेढ्याला मुंग्या लागल्या. मला पेढा नको होता, माझं नाव हवं होतं.