चौथ्या पटामागचा माणूस

शनिवारी दुपारी बुद्धिबळाच्या ऑनलाइन सांघिक स्पर्धेत डावाची तेविसावी खेळी चालू असताना रंजीता राठोडला पंचाचा निरोप आला. लॅपटॉपच्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडली आणि तिच्यात इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. तुमच्या मागं उभ्या असलेल्या माणसाला बाहेर जायला सांगा, नियमाप्रमाणं खोलीत तुम्ही एकट्याच हव्यात, असं त्यात लिहिलं होतं.

रंजीतानं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. शेलूबाजारात हमरस्त्याला लागून केशरीचंद काकाजींचं बी-बियाण्याचं दुकान आहे, त्याच्या माडीवरची ही खोली. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीशी रिकाम्या पोत्यांची थप्पी. दाराला आतून कडी. स्पर्धेच्या नियमाप्रमाणं दोन कॅमेरे लावले होते. एक लॅपटॉपचा, आणि दुसरा बाजूला स्टुलावर ठेवलेला मोबाइल, ज्यात अख्खी खोली दिसावी. तिनं मोबाइल उचलून चारी भिंती दाखवल्या, पोत्यांमागं दाखवलं, टेबलाखाली दाखवलं. पंचानं आभार मानले आणि डाव पुढं चालू ठेवायला सांगितलं.

चार मिनिटांनी पुन्हा चौकट उघडली. तो परत आला आहे, एवढंच त्यात होतं.

या वेळी रंजीतानं मान वळवली नाही. घड्याळात नऊ मिनिटं उरली होती, आणि मानेवर ओळखीची ऊब जाणवत होती. घोडा कुठं न्यायचा ते तिला कळलं होतं. तिनं तो नेला आणि अकरा खेळ्यांत डाव जिंकला.

ही ऊब तिच्या सवयीची होती. चोवीस वर्षांची रंजीता देशाच्या महिला संघात चौथ्या पटावर खेळायची. एकटीनं खेळायच्या स्पर्धांत तिचा खेळ बरा म्हणावा इतपतच होता. कधी शाळकरी मुलंसुद्धा तिला हरवून जात. पण संघाचा सामना असला, शेजारी आपल्याच तीन पोरी बसल्या असल्या, की ती निराळीच व्हायची. चार वर्षांत देशादेशांच्या सांघिक स्पर्धांत ती एकोणतीस डाव खेळली होती आणि एकही हरली नव्हती. वर्तमानपत्रवाले विचारायचे, तेव्हा ती सांगायची की संघात एकटं वाटत नाही. ते खरंही होतं. विसाव्या खेळीच्या आसपास मानेशी कोणी तरी अगदी जवळ उभं राहिल्यासारखं व्हायचं आणि हात आपोआप निर्धास्त व्हायचा. हे मात्र तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. खेळणाऱ्यांना नाना तऱ्हेचे भास होतात, असं धरून चालली होती.

संध्याकाळी संघाच्या कर्णधार टीना मॅडमचा इंदूरहून फोन आला. त्या चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, त्यानंच रंजीताला जास्त भीती वाटली. पंचांनी मोबाइलच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाठवलंय, ते आधी बघ आणि मग मला खरं काय ते सांग, एवढंच त्यांनी हिंदीत सांगितलं.

रंजीतानं ते काकाजींच्या शेजारी बसून पाहिलं. पडद्यावर ती स्वतः होती, वाकून बसलेली. तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. फिक्या निळ्या रंगाचा शर्ट, मानेवर वाढलेले केस. त्याचं लक्ष लॅपटॉपकडं नव्हतंच. तो रंजीताच्या डाव्या बाजूला पाहायचा, जिथं नुसती भिंत होती. एकदा जवळ पाहायचा, मग थोडं पुढं, मग आणखी पुढं, जसे तिथं ओळीनं तीन पट मांडले असावेत आणि तो एकेकाची खबर घेत असावा. शेवटी नजर परत रंजीताच्या डोक्यावर यायची. ती मोबाइल उचलून फिरवते त्या मिनिटात खोली रिकामी दिसत होती. मोबाइल परत स्टुलावर ठेवला की तो तिथंच होता.

काकाजींनी दोनदा पाहिलं. दार बंद होतं आणि जिन्याच्या पायथ्याशी आपण स्वतः गादीवर बसलो होतो, वर कोणी गेलं नाही, असं ते म्हणाले. त्यांच्या पत्नी अंगुरीबाईंनी दिवस मावळायच्या आत जेवून घ्या म्हणून खालून हाक दिली, तर त्यांनी आज भूक नाही असं कळवलं.

रविवारी सकाळी स्पर्धेच्या समितीचा निर्णय आला. त्या माणसानं मदत केल्याचा पुरावा नव्हता. तो बोलला नव्हता, त्यानं पडदाही पाहिला नव्हता. म्हणून शनिवारचा डाव ग्राह्य धरला गेला. मात्र अंतिम सामन्यात खोलीत दुसरं कोणी दिसलं, तर रंजीताचा डाव हरलेला धरला जाईल आणि संघाचाही गुण कापला जाईल. टीना मॅडम म्हणाल्या, तुझ्या जागी राखीव मुलगी बसवू का, तूच ठरव. माघार घेतली तर पकडली गेली म्हणूनच लोक म्हणतील, हे रंजीताला दिसत होतं. तिनं तासाभराची मुदत मागितली.

त्या तासात तिची आई कमलीबाई तांड्यावरून जीपनं आली, लेकीसाठी भाकरी आणि ठेचा घेऊन. रंजीताला तिच्यापासून लपवायचं होतं. पण चित्रण उघडंच राहिलं होतं आणि कमलीबाई भाकरी ठेवायला टेबलापाशी गेली. ती उभ्या उभ्याच थांबली. पडद्यावरच्या माणसानं एका पायावर दुसरा पाय ठेवला होता, बगळ्यासारखा.

"हा आपला विनोद हाय," ती म्हणाली.

रंजीताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "याडी, विनोद तर अकरा वर्साचा व्हता."

"व्हता. पंधरा वर्सं झाली त्याले. आता सव्वीसचा नसंल का?"

विनोद हा रंजीताचा मोठा भाऊ. दोघांनाही बुद्धिबळ काकाजींनीच शिकवलं होतं, याच दुकानात, खताच्या पोत्यांवर पट मांडून. ती नऊ वर्षांची असताना शाळेचा चौघांचा संघ जिल्ह्याला जायचा होता. विनोद पहिल्या पटावर, ती चौथ्या. पण त्या हंगामात आईबापानं त्याला ऊसतोडीला बरोबर नेलं, कारण मोळ्या बांधायला हात हवे होते. जाताना त्यानं काकाजींना बजावलं होतं की सामन्याच्या आत मी येतो, चार जण लागतात, माझी जागा कोणाला देऊ नका. कृष्णाकाठी पाचटाच्या कोपीत त्याला ताप भरला आणि चौथ्या दिवशी तो गेला. काकाजींनी जागा कोणाला दिली नाही. वाशिमला तिघंच खेळले. पहिल्या पटावरची खुर्ची रिकामी ठेवून त्याचं घड्याळ चालू केलं होतं आणि ते संपेपर्यंत टिकटिकत राहिलं. त्या दिवशी रंजीता आयुष्यात पहिल्यांदा स्पर्धेतला डाव जिंकली. मानेवरची ऊबही तेव्हाचीच. हे तिला आता, आईच्या शेजारी उभी असताना आठवलं.

कमलीबाई घाबरली नव्हती. तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "शर्टाचं वरचं बटन नाई. कोन लावून देईन त्याले."

काय घडलं आणि काय होऊ घातलंय, ते रंजीतानं तिला सांगितलं. तो दिसला तर आपण हरू, तीनही पोरींची मेहनत जाईल. कमलीबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो खेळ जितवायले नाई येत. चौथा मानूस कमी पडू नये म्हनून येते. त्याले कोनी सांगितलंच नाई की चौघी पुऱ्या हायेत."

मग तिनं लेकीला आणि काकाजींना खाली पाठवलं आणि आतून कडी लावली. रंजीता जिन्यात बसली. आतून आईचा आवाज येत होता, गोरमाटी या बंजारा बोलीत, घरात बोलते तसा साधा. ती बोलायची, थांबायची, मग त्या थांबण्याला उत्तर दिल्यासारखी पुन्हा बोलायची. एकदा ती हसली. एकदा रागे भरली. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं.

दार उघडलं तेव्हा कमलीबाईचा एक हात मागं होता, ओढणीचं टोक मुठीत धरून. बाजाराच्या गर्दीतून लेकराला नेताना ती असंच करायची. पदराला लेकरू, पुढं आई. ती जिना हळूहळू उतरली, प्रत्येक पायरीवर मागच्यासाठी थांबत. रंजीताला भिंतीला अंग चोरून उभं राहावं लागलं. आपल्याला चिकटून काही गेलं, असं तिला वाटलं नाही. फक्त आईनंतर जिन्याची लाकडी फळी आणखी एकदा करकरली.

"आमी घरी जातो," कमलीबाई म्हणाली. "तू खेळ. एकटीनं खेळ आता."

रंजीतानं टीना मॅडमना फोन करून कळवलं की मीच खेळणार.

दोन वाजता सामना सुरू झाला. विसावी खेळी आली आणि गेली. पंखा नसतानाही मान उघडी पडल्यासारखी गार होती. पंचाचा एकही निरोप आला नाही. रंजीताला वजीर कुठं न्यावा हे समजेना, आणि समजलं असं वाटलं तेव्हा ते चूक निघालं. एक्केचाळिसाव्या खेळीला तिनं हार मानली. संघासाठी खेळताना झालेली ही तिची पहिली हार. पण पहिल्या दोन पटांवरच्या पोरी जिंकल्या, तिसरीनं बरोबरी राखली आणि संघ अडीच विरुद्ध दीड असा सामना जिंकला. पडद्यावर सगळ्या ओरडत होत्या, रडत होत्या. टीना मॅडमनी विचारलं, ठीक आहेस ना. ती हो म्हणाली आणि कॅमेरा बंद करून पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसली.

संध्याकाळी ती तांड्याकडं निघाली. चौकात जीपवाला सेवादास भेटला. त्यानं आपण होऊन सांगितलं की तुझ्या आईनं आज एक जागा अडवून ठेवली होती. जीप ठासून भरलेली, माणसं मागं लोंबकळलेली, आणि हिच्या शेजारची जागा रिकामी. एकानं बसायला म्हणून पाय आत टाकला आणि लगेच काढून घेतला. "काहून उतरला म्हनून मी इचारलं," सेवादास म्हणाला, "तं म्हने, तिथं कोनी बसलेलं हाय." त्याला पुढं आणखी काही विचारायचं होतं, पण रंजीताचा चेहरा पाहून त्यानं गाडी सुरू केली.

वर्षभरात पुष्कळ काही बदललं. परदेशात समोरासमोर झालेल्या सांघिक स्पर्धेत रंजीताला राखीव ठेवलं गेलं. पाच डाव मिळाले, त्यातले दोन ती जिंकली आणि तीन हरली. लिहिणाऱ्यांनी लिहिलं की ती चौकशीनं खचली. तिनं ते खोडून काढलं नाही. हरलेले डाव ती रात्रंदिवस तपासायची, पूर्वी कधी तपासले नव्हते तसे, आणि एकटीच्या स्पर्धांत तिचा खेळ हळूहळू सुधारत होता.

त्या स्पर्धेहून ती थेट घरी आली. दुपारची वेळ होती. तांड्यावरची निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली, कुलपं लागलेली. कमलीबाई दोन वर्षांपासून जात नव्हती. ती पडवीत गोधडीवर बसली होती आणि समोर पट मांडलेला होता.

रंजीताला नवल वाटलं. आईला ना वाचता येत होतं, ना मोहऱ्यांची नावं धड माहीत होती. कोणी शिकवलं, असं तिनं विचारलं. काकाजींकडं जाऊन शिकले, कमलीबाई म्हणाली, दर बाजारच्या दिवशी. ते म्हणाले की या वयात कायले, तर मी सांगितलं की घरात खेळणारा आहे आणि त्याले कोणी जोडीदार नाही.

पांढरी मोहरी आईच्या बाजूला होती. समोर चटई अंथरली होती आणि तिच्या पुढं काळी मोहरी. रंजीता वाकून पट पाहू लागली. कमलीबाई हरत होती, पण वाईट खेळली नव्हती. काळ्याचा खेळ फार नेटका होता. राजा नीट आडोशाला, दोन्ही हत्ती मोकळ्या रेषेवर. आईचा एक घोडा मारला जाणार होता आणि तो वाचवायला एक जागा होती. रंजीतानं बोट पुढं केलं.

कमलीबाईनं तिचा हात धरला. "बोलू नको. त्याची बारी हाय, तो इचार करून राह्यला."

रंजीता आईच्या बाजूला गोधडीवर बसली. चटईवर ऊन सरकत होतं. कोणाची तरी शेळी अंगणात शिरून कुडाची पानं ओढू लागली, तिला हुसकायला रंजीतानं मान वळवली आणि हाक दिली. परत पाहिलं तेव्हा एक काळं मोहरं हललेलं होतं. आई गुडघ्यावर हनुवटी टेकवून पटाकडं पाहत होती आणि आपण आता काय खेळावं, याचा विचार करत होती.