मेणाच्या नाकावर छडी

वोंद्रांच्या मेणपुतळ्यांच्या खेळात फ्रान्सच्या पंतप्रधानाची मान कधीच घट्ट बसवत नसत. तिकडे सरकार पडलं की इकडे लिबुशेने जुनं डोकं उपटायचं आणि नवं चढवायचं. धड तेच, कोट तोच. सकाळी पेपर आला की तिचे बाबा आधी विचारायचे, "आज कोण गेलं?"

या खेपेला मात्र कुणीतरी आलं होतं. जर्मनीचा नवा चान्सेलर. वोंद्रांच्या घोडागाड्या बोहेमियाच्या जर्मनीला लागून असलेल्या सीमेवरच्या एका गावात थांबल्या होत्या. तिथं अर्ध्याहून जास्त घरांत जर्मनच बोलत, त्यामुळे तिकिटांवर उड्या पडणार हे बाबांनी ओळखलं होतं. लिबुशे तापलेल्या सुईने मिशीचा एकेक केस मेणात खोवत बसली होती. जरा वेळ बसायची, उठायची, तंबूच्या दाराशी जाऊन चौकात बघून यायची, पुन्हा बसायची.

चौकातली पोरं लेडररकाकांच्या मागे लागली होती. काका म्हणजे या खेळाचा आवाज. दारात उभं राहून गिऱ्हाईक बोलवायचं, आत नेऊन प्रत्येक पुतळ्याची कुंडली सांगायची आणि शेवटी त्याच्या नाकावर छडीने टकटक करायची. "मेण आहे मंडळी, घाबरू नका." लोक खोखो हसायचे. पूर्वी इथं म्हातारा सम्राट गादीवर होता तेव्हाही काकांनी त्याच्या मेणाच्या नाकाला सोडलं नव्हतं.

"लेडरर, या एकाला छडी नको," काका आत येताच बाबा म्हणाले.

"का? याचं मेण वेगळंय?"

"गाव बघितलंस ना? तंबू फाडतील."

"मी ज्यू आहे हे त्या पोरांनी मला आत्ताच ओरडून सांगितलं. मला वाटलं, नवीन बातमी असेल."

"उद्यापर्यंतचा तर प्रश्न आहे रे."

"याला सोडलं तर बाकीच्यांच्या नाकांनी काय पाप केलंय? छडी नाही तर मी नाही. संध्याकाळच्या गाडीने बहिणीकडे जातो." काकांनी खरंच बॅग आणून दाराशी ठेवली.

लिबुशेने सुई खाली ठेवली. "काका, तुम्ही गेलात तर मला चिडवणार कोण?"

"आरसा आहे ना तुझ्याकडे," काका म्हणाले, पण तिच्याकडे न बघता.

दुपारी तंबू भरला. बाकीच्या राजांकडे, पंतप्रधानांकडे कुणी ढुंकून बघेना. नव्या पुतळ्यापुढे मात्र टोप्या उतरल्या. एका बाईने त्याच्या बुटांशी फुलं ठेवली, मागे कुणीतरी हात उंचावला. काकांनी जन्मगाव सांगितलं, उंची सांगितली आणि ते थांबले. तिकिटाच्या टेबलामागून बाबा मान हलवत होते, नको, नको. काकांनी छडी खुर्चीवर ठेवली आणि ते बॅगेकडे निघाले.

लिबुशेने छडी उचलली. आवाज चांगला खणखणीत निघाला.

"मेण आहे मंडळी. मिशी मीच लावलीय."

टक.

ताजं मेण, नाकाचा शेंडा खाली पडला. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग एका माणसाने तिचं मनगट धरलं. काका दारातून परत आले आणि दोघांच्या मध्ये घुसले.

"सोडा तिला. छडी माझी आहे."

त्यानंतर दगड आले. तंबूला भगदाड पडलं, पोलीस आले, आणि त्यांनी दगड मारणाऱ्यांना नाही, वोंद्रांनाच गाव सोडायला सांगितलं. बाबांनी घोडे जुंपले. काकांना एवढंच म्हणाले, "बस. स्टेशन वाटेतच आहे."

स्टेशन आलं. आगगाडी उभी होती. काका बॅग मांडीवर घेऊन बसले होते, पण उतरायची हालचाल करेनात. बाबांनीही लगाम खेचला नाही.

स्टेशन मागे पडल्यावर काकांनी विचारलं, "पुढचं गाव कुठलं?"

"कुठलंही असो, तिथेही हेच असणार."

"असणारच," काका म्हणाले आणि लिबुशेला बसायला जागा देत जरा सरकले.