नाटकाच्या दिवशी

रक्ताचा रिपोर्ट आला आणि निकेशनं तलावात जाळं टाकणंच सोडलं.

पोटातल्या बाळात काही दोष आहे का, त्याचा अंदाज आईच्या रक्तातून येतो. म्हणून गावच्या शिबिरात त्याच्या बायकोचं, दिव्यानीचं रक्त घेतलं होतं. आकडा लई जास्त आला. बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष असू शकतो, नक्की नाही, सोनोग्राफी करा, असं सिस्टर फोनवर बोलली. पहिलंच लेकरू.

आज गडचिरोलीत डॉक्टर बाईंनी दिव्यानीच्या पोटावर यंत्र फिरवलं. थांबल्या. परत फिरवलं.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

"नाटकाच्या दिवशी!" निकेशच पटकन बोलला. शिबिरातही त्यानंच सांगितलं होतं. "आमच्या गावचं नाटक जी, डिसेंबरातलं. मी खलनायक होतो. हातात हंटर..."

"तुम्ही थांबा. दिव्यानी, तू सांग."

"माह्या माहेरच्या नाटकाच्या दिवशी," दिव्यानी बोलली. "भाऊबीजेले."

"भाऊबीजेले? मंग तवा काऊन नाई सांगतलं व?"

"सांगू देल्लं काय तुमी? सिस्टर मले इचारून राह्यली, अन् तुमी तिथं हंटर फिरवून राह्यले!"

डॉक्टर बाई अशा हसल्या की यंत्रच हललं. "अहो, बाळ महिनाभर मोठं आहे! दिवस वाढतात तसा रक्तातला हा आकडा वाढतोच. पाचव्या महिन्याचं रक्त चौथ्याच्या मापानं मोजलं, मग जास्तच दिसणार. खऱ्या तारखेनं हिशेब परत लावून घेऊ. आणि हा बघा कणा."

निकेश पडद्याला नाक लावायचाच बाकी होता. रोहू माशाच्या काट्यासारखा बारीक, पांढरा, मानेपासून खालपर्यंत सलग.

"कुठं फट तं नाई न जी?"

"कुठंच नाही. छान आहे."

तेवढ्यात बाळानं पाय झाडला. निकेशनं खुर्ची पाडली.

"बाई, मंग येते कधी?"

"ऑगस्टमध्ये. सप्टेंबरची वाट नका पाहू."

"पोळ्याच्या आंधीच? अन् पाळणा कवा करू?" तो धावतच बाहेर आला, फोन लावला. "माय! लेकरू एकदम साजरं हाय! अन् महिनाभर पयलेच येऊन राह्यलं! कवा म्हंजे... थांब, मी सांगतो..."

मागून दिव्यानी आली, पदरानं पोट पुसत. तिनं त्याच्या हातातला फोन ओढला.

"द्या इकडं. तारीख मी सांगीन."