तीर्थाचे दोन थेंब

खंडेनवमीला ऊसतोडीचा कोयता पुजायचा, हे सुरेखाच्या हाडीमाशी भिनलेलं. यंदा मात्र कोयता पाथर्डीला नवऱ्याजवळ आणि ती लेकीला घेऊन सुप्याला, कारखान्यात पॅकिंगच्या कामावर. इथं तिच्या हातात असायच्या नखाएवढ्या पट्ट्या. पट्टीवर शंभरेक सुया, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक. गालाला चिकटवली की सुया कातडीत साखरेसारख्या विरघळतात आणि वांगाच्या डागांवरचं औषध आत सोडतात. शहरातल्या बायकांचे लाड, दुसरं काय.

कारखान्याची पूजा फाटकाशीच उरकली. आत पाण्याचा थेंब न्यायचा नाही, असं सुपरवायझर राजेश्वरी मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण ज्याच्यावर पोट चालतं ते पुजल्यावाचून राहील ती सुरेखा कसली? मोहट्याच्या देवीच्या तीर्थाची बाटली तिनं कामावरच्या झग्याखाली लपवून नेली आणि सतरा नंबरच्या ट्रेवर दोन थेंब शिंपडून हात जोडले. मग पट्ट्या पाकिटांत बंद झाल्या, पाकिटं खोक्यात गेली.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या साळूबाईनं बोलता बोलता सांगितलं की गेल्या साली एका ट्रेला ओल लागली, तर सगळ्या पट्ट्या फेकून दिल्या होत्या. सुईबरोबर घाण कातडीत गेली तर तोंडावर गळवं उठतात म्हणे. सुरेखाच्या हातातला घास हातातच राहिला.

पाचला टेम्पो येणार होता. बोलावं तर नोकरी जाणार. परवा ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक निघतोय, त्यात बसावं लागणार आणि पाचवीतल्या लेकीची, सृष्टीची शाळा सुटणार. न बोलावं तर कोण ओळखतंय? पाकिटं सगळी सारखीच. ती मनाला असं समजावत होती, पण लहानपणी इंजेक्शननंतर पिकलेला सृष्टीचा दंड काही डोळ्यांपुढून हलेना. आठ दिवस पोर कण्हत होती. साडेचार झाले, पावणेपाच झाले. बाहेर टेम्पो मागं घेतल्याचा आवाज आला, तशी सुरेखा उठली आणि मॅडमच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

ऐकता ऐकता मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी आधी फोन करून टेम्पो थांबवला, सतरा नंबरचं खोकं बाजूला काढायला लावलं. मग विचारलं, "कुणाला कळलंही नसतं. का सांगितलंस?"

सुरेखा खाली बघत म्हणाली, "मॅडम, कोयता चुकला तर आपल्याच पायावर बसतो. ह्या सुया दुसऱ्याच्या पोरीच्या गालात जायच्या. तितं आपुन बघायला बी नसनार."

मॅडम कागदावर तिचं नाव घालून बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या. सुरेखाला त्यातलं अक्षरही वाचता येईना, डोळे भरून आले होते. तिनं झग्याखालची बाटली काढून टेबलावर ठेवली. मॅडमनी ती उचलून तिच्याच हातात परत दिली.

"ही घरी देवापाशी ठेव," त्या म्हणाल्या. "उद्या दसऱ्याची सुट्टी. परवा वेळेवर ये."