चौथा नंबर

"खाली बसा! एक जरी उभा राहिला ना, तरी हेलिकॉप्टर परत जाईल. मग बसा बोंबलत!"

शाळेच्या मैदानात म्हातारा कंडक्टर ओरडत होता. तेहतीस वर्षं बसमध्ये ओरडून कमावलेला आवाज. निवृत्तीनंतर तो घरात कुणालाच नको झाला होता. बायको म्हणायची, "अहो, मी स्वयंपाकघरात आहे, शेवटच्या सीटवर नाही." गावात त्याला सगळे डबलबेल म्हणत. तोंडावर म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

भूकंपाला आज चौथा दिवस. पूल गेला होता, रस्ता दरडीखाली गेला होता आणि निम्मं गाव मातीला मिळालं होतं. हेलिकॉप्टर दोनदा येऊन गेलं होतं. दोन्ही वेळा ते उतरायच्या आतच माणसं त्याच्याखाली धावली आणि पायलटने वरूनच पोती टाकून काढता पाय घेतला. पोती फुटली, पीठ चिखलात गेलं. दुसऱ्या वेळी पोत्याला एक चिठ्ठी बांधलेली होती : मैदान मोकळं ठेवा, एका खेपेला चार जखमी नेऊ, दिवसाला दोन खेपा.

म्हणून आज सकाळीच डबलबेलने मैदान ताब्यात घेतलं. पडक्या शाळेत मैदान आखायची पांढरी फक्की सापडली, तिचा त्याने मोठा गोल काढला. पन्नास पावलांवर दोरी बांधली आणि दोरीमागे गाव बसवलं. "जन्म गेला 'पुढे सरका' म्हणण्यात," तो म्हणाला, "आज पहिल्यांदा सांगतोय, सरकू नका." चार दिवसांत पहिल्यांदा दोघं-तिघं हसले.

कुणी जायचं ते नर्सबाईंनी ठरवलं होतं. त्यांच्या यादीत आठ जण होते, बाकीच्यांवर इथेच इलाज होण्यासारखा होता. पहिला नंबर डोक्याला मार लागलेल्या मुलीचा, दुसरा अडलेल्या बाळंतिणीचा, तिसरा छातीत मार बसलेल्या गवंड्याचा. चौथा डबलबेलच्या बायकोचा. तुळईखाली तिचा पाय चेचला होता आणि कालपासून तो गुडघ्यापर्यंत काळा पडत चालला होता.

नर्सबाईंनी चौथा नंबर वाचला आणि दोरीमागून सुतार उठला. पाचवा नंबर त्याच्या आईचा होता. म्हातारीचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि चार दिवस ती कण्हत होती.

"वा! वाढपी घरचा असला की पंगतीत कुठंही बसा! आमची माणसं काय माणसं नाहीत?"

"अरे, यादी मी केलीये," नर्सबाई म्हणाल्या. "तुझी आई थांबू शकते. यांचं तसं नाही. पाय सडतोय."

"दोरी कुणाच्या हातात आहे ते दिसतंय आम्हाला!"

त्याच्या मागे दहा-पंधरा जण उभे राहिले, मग आणखी. दोरी ताणली गेली. तेवढ्यात डोंगरापलीकडून घरघर ऐकू आली. दोरी तुटली तर आजही ते वरूनच परत जाणार, हे डबलबेलला लख्ख दिसत होतं. औषधं हातची जाणार, चौघंही हातची जाणार.

तो बायकोजवळ गेला. तिला एका निखळलेल्या दारावर निजवलं होतं. ताप इतका होता की हात लावताच त्याने तो मागे घेतला.

"कसला गलका चाललाय?" तिने विचारलं.

"अगं... तू दुसऱ्या खेपेला जाशील? मागून रिकामीच येतेय."

उभ्या जन्मात प्रवाशांना हजारदा मारलेली थाप तोंडातून निघून गेली, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. ती त्याच्याकडे बघून हसली.

"तुमच्या गाडीत मला कधी जागा मिळालीये का? सातव्या महिन्यात उभं नेलंत." जरा दम घेऊन ती म्हणाली, "जा. ते लोक उभे आहेत अजून."

त्याने परत येऊन सांगितलं, "चौथी सुताराची आई. आता बसा."

नर्सबाईंनी त्याचा दंड धरला. "काय करताय तुम्ही? अहो, वेळ नाहीये तिच्याकडे!"

"बाई, लोक बसले."

खरंच बसले होते. हेलिकॉप्टर उतरलं. धुळीत डोळे मिटून सगळं गाव जागच्या जागी राहिलं. औषधांची खोकी उतरली, पिठाची पोती एकही न फुटता उतरली, चौघांना वर चढवलं. आईला आत ठेवून सुतार खाली मान घालून परत आला.

दुसरी खेप दुपारी येणार होती. दुपारी डोंगरावरून ढग उतरले आणि मैदानाचं दुसरं टोक दिसेना. डबलबेल बायकोचा हात धरून वर बघत बसला. आपण न्याय केला, की लोकांच्या जिभेला भ्यालो? हा प्रश्न त्याला सोडेना. त्याने सुताराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, मग स्वतःला घातल्या. दिवस मावळायच्या आत ती गेली. शेवटी शेवटी तिने पाणी मागितलं होतं, तेवढं त्याला देता आलं.

सकाळी आभाळ स्वच्छ होतं. गावकऱ्यांनी तिला माती दिल्यावर डबलबेल मैदानावर आला आणि पुसट झालेला गोल फक्कीने पुन्हा आखू लागला. सुतार मागून आला.

"मास्तर," तो म्हणाला. त्याने फक्की घ्यायला हात पुढे केला. "मास्तर, तुम्ही घरी जा. मी बघतो इथलं."

"घर कुठंय?" डबलबेल म्हणाला. "दोरी धर त्या टोकाला."

आज कुणावर ओरडावं लागलं नाही. माणसं आपणहून येऊन दोरीमागे बसली. हेलिकॉप्टर उतरलं, दारातल्या जवानाने हात बाहेर काढून चार बोटं दाखवली.

डबलबेलने तीन दाखवली.